कळलेली गळती

जुन्या गाडीच्या वॉटर पंपाला खालच्या अंगाने एक भोक असतं. करंगळीही शिरणार नाही एवढंसं. ते गंजून पडलेलं नसतं, कारखान्यातच मुद्दाम पाडलेलं असतं. पंपाच्या पोटातून एक शाफ्ट जातो. त्याच्या आतल्या टोकाला पाणी ढकलणारी पाती, बाहेरच्या टोकाला पट्ट्यावर फिरणारी पुली, आणि मध्ये बेअरिंग. पाण्याने बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून वाटेत सील बसवलेलं असतं: कार्बनची एक रिंग, स्प्रिंगने सिरॅमिकच्या चकतीवर दाबून धरलेली. रिंग झिजली की पाणी शाफ्टच्या कडेकडेने पुढे सरकतं. ते बेअरिंगमध्ये शिरलं तर आतलं ग्रीस धुऊन काढील, म्हणून सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध त्याला बाहेर पडायला ही वाट करून दिलेली. पंप गळतो आहे हे मालकाला कळावं, हे त्या भोकाचं दुसरं काम.

कळल्यावर काय करायचं, हे मात्र भोक सांगत नाही.

मी दिगंबर जैन, शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातली. जयसिंगपुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आम्हा बायकांचा स्वाध्याय चालतो आणि दुपारी मी सासऱ्यांच्या जुन्या जीपमागे लागते. या दोन उद्योगांचा एकमेकांशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण वॉटर पंपाने तो आणला, आणि प्रश्न असा पुढे आला: गाडीखालचा थेंब ज्याने पाहिला आणि तरी गाडी चालवली त्याला जास्त दोष, की ज्याने कधी वाकून पाहिलंच नाही त्याला?

प्रवचनात गाडी येते ती नेहमी दृष्टांत म्हणून. देह म्हणजे गाडी, आत्मा म्हणजे ड्रायव्हर, इंद्रियांचे ब्रेक. आत्म्यात कर्म शिरतं त्या आस्रवासाठी तर नाव ठरलेलीच: छिद्रातून नावेत पाणी येतं तो आस्रव, छिद्र बुजवणं हा संवर, आत साचलेलं पाणी उपसणं ही निर्जरा. लहानपणापासून हे ऐकत आले आणि दृष्टांत म्हणून त्यात काही खोट नाही. पण इथे मला दृष्टांत नको आहे. माझ्या जीपमधून गळत होतं ते कर्म नव्हतं, इथिलीन ग्लायकॉल होतं.

जीप महिंद्राची, डिझेलवरची, १९९४ साली घेतलेली. सासरे तिच्या रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायचे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग ते रंगीत औषध कशाला, असं त्यांचं म्हणणं. गोठण्यापुरतं ते बरोबरच होतं. पण पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाने दाब धरला की त्याहूनही वर, आणि त्यात गंज रोखणारी रसायनं असतात ती वेगळीच. शिवाय आमच्या भागातलं पाणी आता सासऱ्यांच्या वेळचं राहिलेलं नाही. उसाला पाणी पाजून पाजून तालुक्यातल्या किती जमिनी क्षारपड झाल्या ते इथल्या पोरालाही माहीत आहे. तेच क्षार बोअरच्या पाण्यात. असं पाणी इंजिनात तापलं की आतून पांढरा थर धरतो आणि थराचे सुटलेले कण सीलवर चरे पाडतात. म्हणून मी कूलंट घालायला सुरुवात केली.

सासूबाई रेडिएटरचं पाणीसुद्धा गाळून द्यायच्या. घागरीच्या तोंडावर धरतात तसं दुहेरी कापड धरून. कापडावर जे राहील ते उलटं धरून पुन्हा विहिरीत सोडायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, ‘गाडीला कळत नसंल, पाण्यातल्याला कळतंय.’ हे पाणी पुढे इंजिनात उकळणारच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हलणारे-चालणारे त्रस जीव कापडाने वाचवता येतात तेवढे वाचवायचे. पाण्याच्या स्वतःच्या एकेंद्रिय जीवांची हिंसा संसारी माणसाला टळत नाही, ती निदान गरजेपुरती ठेवायची. गृहस्थाच्या धर्मात असा हिशेब आधीपासून आहे. हिंसा चार प्रकारची धरतात: ठरवून केलेली संकल्पी, स्वयंपाकपाण्यात होणारी आरंभी, शेती-धंद्यात होणारी उद्योगी आणि स्वतःच्या रक्षणासाठीची विरोधी. गृहस्थाने यातली पहिली पुरती सोडायची, बाकीच्या तीन जपून वागून कमी करायच्या. नाहीतर दक्षिण महाराष्ट्रातले आम्ही जैन शेती कशी करणार? नांगर चालला की काय काय मरतं ते आम्हाला कुणी सांगायला नको.

ग्लायकॉलचं तसं नाही. ते चवीला गोड असतं. जमिनीवर सांडलं की कुत्री-मांजरं चाटतात. यकृतातली विकरं त्याचं आधी ग्लायकॉलिक आणि शेवटी ऑक्झॅलिक आम्ल करतात. हे आम्ल रक्तातल्या कॅल्शियमला धरतं आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात. निव्वळ ग्लायकॉल चमचाभर पोटात गेलं तरी मांजर मरू शकतं. काही तासांत लक्षात आलं तर त्यावर उतारा आहे, आणि तो काय ते मी स्वाध्यायात सांगितलं तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. उतारा म्हणजे इथेनॉल. दारूतलं अल्कोहोल तेच. ज्या विकरांनी ग्लायकॉलचं विष होतं ती इथेनॉलमागे गुंततात आणि तोवर ग्लायकॉल लघवीवाटे निघून जातं. पशुवैद्य ते शिरेतून देतात. मद्य, मांस आणि मध सोडणं ही श्रावकपणाची पहिली पायरी. आणि आमच्या गाडीने कुत्र्याला विष पाजलं तर त्याला वाचवणार मद्यच. यावर आमच्यातल्या एकीने लगेच सोय काढली, ‘डॉक्टर देतोय न्हवं, आपण कुठं देतोय?’ आमच्या समाजाची बुद्धी अशा ठिकाणी फार चालते.

दिवाळी झाली, चातुर्मास संपला आणि मुनी महाराजांचा पायी विहार ठरला. मुनी वाहनात बसत नाहीत, अनवाणी चालतात, सूर्य उगवल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. त्यांच्यापुढे आहाराचा चौका पुढच्या गावी पोचवणारी एक गाडी लागते आणि मागे एक. मागची गाडी दिवे लावून मुंगीच्या पावलाने चालते, कारण त्या दिवसांत कारखाने सुरू झालेले असतात, उसाच्या डबल ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर सुटलेले असतात, नदीकाठचं धुकं असतं. विहार करताना वाहनाखाली सापडून मुनी गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मागची गाडी म्हणजे महाराज आणि रस्ता यांच्यामधली भिंत. ती गाडी आमची होती.

आदल्या संध्याकाळी जीप सोप्यासमोर लावली आणि खाली हिरवट डाग दिसला. मिस्त्री आला. हा माझा जुना विद्यार्थी, बारावीला रसायनशास्त्रातच अडकला आणि गॅरेजमध्ये सुटला. त्याने पंख्याची पाती धरून वरखाली हलवून बघितली, भोकाखाली बोट फिरवून वास घेतला.

‘वॉटर बॉडी गेली, बाई. पर बेअरिंगला अजून खेळ न्हाई, नुस्तं सील गेलंय. किट मागवतो सांगलीस्नं, परवा बसवू. उद्या जायाचंच असंल तर पाणी बघत बघत चालवा.’

दिरांनी हळदीचा उपाय काढला. सांगलीच्या बाजारपेठेशेजारी राहून हळद सुचली नसती तरच नवल. हा उपाय अगदीच खुळा नाही. रेडिएटरला सुईएवढं छिद्र पडलं तर हळदीची पूड पाण्याबरोबर तिथे जाते आणि छिद्र धरते. कित्येक ट्रकवाल्यांनी त्यावर घाट उतरलेले आहेत. पण पंपातून जिथून पाणी येतं त्या फटीची एक बाजू फिरती असते. तिथे हळद ठरणार कशी? ती जाऊन बसेल रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. आपल्याकडे हळदीचं असंच आहे, कापलं तरी तीच आणि काही सुचेनासं झालं तरी तीच.

मग दीर म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही वाकून बघितलंच नसतं तर? गेलाच असता की निवांत. थेंब तेवढेच पडले असते आणि डोक्याला हा घोर नसता. न कळता झालेल्याला कसलं पाप?’

मला हे वाक्य सोडवेना. त्यांनी ते थट्टेत म्हटलं, पण त्यात एक फार जुना वाद आहे.

तत्त्वार्थसूत्र आमच्याकडे दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय असं दहा दिवस वाचतात. त्याच्या सहाव्या अध्यायात हाच मुद्दा आहे. एकच कृती दोघांनी केली तरी कर्माचा ओघ सारखा नसतो. भाव तीव्र की मंद, जाणून केलं की नकळत, साधन काय वापरलं, करणाऱ्याची ताकद किती, यांवर तो ठरतो. म्हणजे जाणून केलेलं जड. दिरांची बाजू इथे निम्मी तरी लागू पडते.

आता दुसरीकडे बघा. बौद्धांच्या मिलिंदपञ्हात मिनँडर राजा नागसेन भिक्खूला नेमकं हेच विचारतो: जाणून पाप करणाऱ्याला जास्त दोष की नकळत करणाऱ्याला? नागसेन म्हणतो, नकळत करणाऱ्याला. राजा ग्रीक, व्यवहारातला माणूस. तो विचारतो, मग आमचा एखादा अमात्य चुकून गुन्हा करील त्याला आम्ही दुप्पट शिक्षा द्यायची काय? त्यावर नागसेन तापलेल्या लोखंडी गोळ्याची गोष्ट काढतो. गोळा तापलेला आहे हे माहीत असलेला आणि माहीत नसलेला, दोघांनी तो हातात घेतला तर कुणाचा हात जास्त भाजेल? राजा कबूल करतो, माहीत नसलेल्याचा.

मला नागसेनाचं उत्तर शिक्षक म्हणून आवडतं. प्रयोगशाळेत तसंच होतं, गरम परीक्षानळी कोण कशी उचलतं ते आयुष्यभर पाहिलंय. पण त्याने राजाच्या प्रश्नाला बगल दिली, हेही खरं. राजा विचारत होता दोषाविषयी, नागसेन बोलला इजेविषयी. शिवाय भाजला तो गोळा उचलणाऱ्याचाच हात. माझ्या जीपच्या बाबतीत गोळा मी उचलणार आणि भाजणार दुसऱ्यालाच.

दिरांच्या म्हणण्यातली खरी अडचण वेगळी आहे. कळल्याने दोष वाढत असेल तर शहाण्याने कधी वाकून बघूच नये. पंपाचं भोक बुजवून टाकावं, म्हणजे आत काय चाललंय ते दिसणार नाही. न बघणाऱ्याला बक्षीस देणारा नियम धर्माचा असेल, हे मला पटत नाही. आणि तसा तो नाहीही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या येते तिथे प्राण जाणं हे शेवटी आहे, आधी आहे तो प्रमाद, बेफिकिरी. ज्याच्या ताब्यात जुनी गाडी आहे आणि जो खाली बघतच नाही, त्याला ‘न कळलेला’ म्हणता येत नाही. त्याने कळून घेतलेलं नाही. आद्य शंकराचार्यांपासून आमच्या स्वाध्यायातल्या पंडितजींपर्यंत सगळे अज्ञानाचा विचार करतात तो असा, की अज्ञान हे जणू काही आपल्यावर आलेलं संकट आहे. निम्मं अज्ञान आपण नीट जपून, वंगण घालून चालवत असतो.

याच्याही पुढे एक पायरी आहे आणि ती भारी कडक आहे. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात, आणि पुढे आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हे स्वच्छ मांडलंय, की समोरचा जीव जगला काय किंवा मेला काय, बेफिकिरीने वागणाऱ्याला हिंसा लागून गेली. आणि जपून वागणाऱ्याच्या पायाखाली एखादा जीव आलाच तर केवळ त्या मरणाने त्याला कर्माचा बंध नाही. म्हणजे कुत्र्याने माझं कूलंट चाटलं नाही तरी माझी सुटका नाही. दिरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे कुत्रं मेलं न्हाई तरी पाप, आणि मेलं तरी कदाचित न्हाई?’ हो, असंच आहे.

आणि इथेच माझं घोडं अडतं. या सगळ्या हिशेबात कुत्रं कुठे आहे? भाव माझा, प्रमाद माझा, बंध माझा, निर्जरा माझी. कुत्रं नुसतं निमित्ताला उभं. मी शिकवलेल्या रसायनशास्त्राला भाव कळत नाही. माझं मन आरशासारखं स्वच्छ असलं तरी त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे स्फटिक तितकेच होणार, आणि मन काळंकुट्ट असलं तरी एक स्फटिक जास्त होणार नाही. अहिंसेचा एवढा सूक्ष्म विचार करणारं दर्शन जगात दुसरं नाही असं आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या विचाराची दुर्बीण बहुतेक वेळ मारणाऱ्याच्या आत्म्याकडे वळलेली असते. मी हे स्वाध्यायात बोलले तेव्हा पंडितजी म्हणाले, ‘आत्मा शुद्ध झाला की दया आपोआप येते.’ येत असेल. पण आपोआप येणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास कमी आहे. आपोआप येतो तो गंज.

म्हणून मला भावांच्या चर्चेपेक्षा समित्या जवळच्या वाटतात. मुनींच्या पाच समित्या आहेत: चालताना चार हात पुढची जमीन बघत चालणं, बोलताना जपणं, आहार बघून घेणं, वस्तू उचलताना-ठेवताना बघणं, आणि अंगातला मळ टाकायचा तो निर्जंतुक जागा बघून टाकणं. ही शेवटची उत्सर्ग समिती. तिच्यावर प्रवचन क्वचित होतं, विषय नाजूक म्हणून. पण मला तीच सर्वांत आधुनिक वाटते. तिच्यात तुम्हाला काय वाटतं याला महत्त्व नाही, तुम्ही टाकलेलं कुठे पडतं आणि तिथे कोण राहतं याला आहे. तिथे कुत्र्याला जागा मिळते. १९७४-७५ साली महावीरांच्या निर्वाणाची अडीच हजार वर्षं साजरी झाली तेव्हा जैनांच्या चिन्हाखाली तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातलं एक सूत्र घातलं गेलं, जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात अशा अर्थाचं. आता ते लग्नपत्रिकांवर असतं. माझ्या मते ते उत्सर्ग समितीशेजारी वाचायचं आहे.

आता त्या संध्याकाळचं. जायचं नाही म्हटलं असतं तर मागची भिंत गेली असती. दुसरी गाडी ऐनवेळी मिळणार नव्हती. तशीच नेली असती तर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर हिरवं गोड पाणी सांडत गेलो असतो. मिस्त्री आणि मी रेडिएटरचा खालचा कॉक सोडून सगळं कूलंट कॅनमध्ये काढलं. साध्या पाण्याने आतून धुतलं, ते धुवणही कॅनमध्ये. मग चुलीवर उकळून निववलेलं, गाळलेलं पाणी भरलं. उकळल्याने थोडे क्षार भांड्यालाच बसतात, ही रसायनशास्त्राची बाजू. पाणी प्रासुक, म्हणजे जीवरहित, झालं, ही सासूबाईंची. थांब्यावर खाली ठेवायला जुनी परात घेतली. एवढ्याने इंजिनाला गंज चढत नाही, दोन दिवसांचाच प्रश्न होता.

सकाळी निघालो. महाराज पुढे, मोरपिसांची पिंछी काखेत, नजर रस्त्यावर चार हातांवर. मी मागे पहिल्या गिअरमध्ये. गाडी वेगात असली की समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. माणसाच्या चालीने चालली की सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंखा त्याच गळक्या पंपाच्या शाफ्टवर. काटा हळूहळू चढायचा. माझी नजर काट्यावर, मग महाराजांच्या टाचांवर, मग आरशात मागून येणाऱ्या ट्रॉलीवर, पुन्हा काट्यावर. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न मारायचे, दिवे बघून बाजूने जायचे, त्यातला एखादा स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचा, ते बघून माझ्याच पोटात गोळा यायचा.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातच एक गणित आहे: मनात आणणं, तयारी करणं, करणं, मन, वाणी, काया, स्वतः करणं, करवणं, अनुमोदन देणं, आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार १०८. माळेचे मणी तेवढेच. मी स्वतः चालवत होते, गाडी हवी म्हणून विहाराची व्यवस्था बघणाऱ्यांनी निरोप धाडला होता, ‘बघत चालवा’ म्हणून मिस्त्रीने मान्यता दिली होती, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांनी गाडी मागितलेलीच नव्हती. एका सीलला किती वाटेकरी!

एका थांब्याला महाराज झाडाखाली टेकले. मी जीप बाजूला घेतली, खाली परात सरकवली. झाकणाला हात लावला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडणारा एकदाच उघडतो. परातीत टप टप सुरू झालं. महाराजांचं लक्ष गेलं.

‘काय गळतंय?’

‘पंपातलं पाणी, महाराज. सील गेलंय.’

‘गाळलेलं आहे का?’

‘गाळून उकळलेलं आहे.’

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. आमच्यातल्या एका मुलाला हे ऐकून हसू आवरेना. गाडी बंद पडेल का, पोचाल का, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. मला मात्र त्या दिवसातला तोच एक प्रश्न मुद्द्याला धरून वाटला.

किट बसवताना मी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले होते. मिस्त्रीने प्रेसवर शाफ्ट दाबून काढला. जुनी कार्बन रिंग हातात घेतली तर तिच्या चकचकीत तोंडावर नखाला लागेल असा एक चरा होता आणि कडेने पांढरा क्षार. नवीन सील त्याने चिंधीत धरून बसवलं. तोंडाला तेलकट बोट लागू द्यायचं नाही म्हणाला. गंमत अशी, की चांगलं सीलसुद्धा शंभर टक्के कोरडं राहत नाही. रिंग आणि चकती यांच्यात पाण्याचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा लागतो, त्याच्यावरच ती फिरतात. तो नसला, गाडी बिनपाण्याची चालली, तर सील थोड्याच वेळात जळून जातं. दीर शेजारी उभे होते. ‘म्हणजे अणुव्रत!’ गृहस्थाच्या मर्यादित व्रताचं नाव घेत ते म्हणाले. ‘पूर्ण बंद केलं तर जळतंय, सोडलं तर वाहतंय.’ दृष्टांत नको म्हणून मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण दिरांपुढे कुणाचं चालतं?

नवीन कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून हवा काढली, पट्ट्याचा ताण बघितला. भोक कोरडं होतं. राहिला होता तो कॅन.

‘ओता की गटारात,’ मिस्त्री म्हणाला. ‘सगळे तेच करत्यात.’

आमचं गटार ओढ्याला जातं, ओढा पंचगंगेला, आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. निव्वळ ग्लायकॉलची मला तेवढी भीती नाही. मातीतले आणि पाण्यातले जिवाणू ते खाऊन संपवतात, फक्त तेवढा वेळ पाण्यातला प्राणवायूही खातात. पण जुन्या तांबं-पितळेच्या रेडिएटरचे सांधे शिशाच्या डाखाचे असतात. वापरलेल्या कूलंटमध्ये ते शिसं उतरतं आणि शिसं कुणी खाऊन संपवत नाही. मी त्याला हे फळ्यावर शिकवावं तसं सांगितलं. रसायनशास्त्रात नापास झालेल्या मुलाने या वेळी नीट ऐकलं.

‘मग कुठं टाकायचं?’

उत्सर्ग समिती सांगते, जीव नसलेली जागा बघून. आमच्या शास्त्राप्रमाणे मातीतही जीव, पाण्यातही जीव. अशी जागा तालुक्यात कुठे असेल ते मला सुचेना.

‘एक ड्रम ठेव,’ मी म्हटलं. ‘झाकणाचा. तुझ्याकडे येईल त्या प्रत्येक गाडीचं त्यात.’

‘ठेवतो. आणि भरल्यावर?’

पुण्याच्या पुढे रांजणगावला कारखान्यांचा घातक कचरा घेणारं केंद्र आहे, ते सांगितलं.

‘एका ड्रमासाठी रांजणगाव?’ त्याने खडू घेऊन शटरवर टेम्पोचं भाडं आणि टोल मांडायला सुरुवात केली. बेरीज बघून डोकं खाजवलं. मग म्हणाला, ‘सांगली-मिरजेच्या गॅरेजवाल्यांस्नी इचारतो. टेम्पो भरंल एवढे ड्रम झाले तर परवडंल.’